तपकिरी बाटली आणि स्पिरीट

शस्त्रक्रियेआधी त्वचेवर लावायची जंतुनाशके मुख्यतः तीन: स्पिरीट, पोव्हिडोन आयोडीन आणि क्लोरहेक्सिडीन. नांदेडच्या विष्णुपुरीतले शासकीय रुग्णालय असो की लातूरच्या गल्लीतले नर्सिंग होम, ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर ओळखीची दिसते ती आयोडीनची तपकिरी बाटली. क्लोरहेक्सिडीन वरचढ ठरले, ते 2010च्या एका अमेरिकी अभ्यासामुळे. 849 रुग्णांपैकी आयोडीनच्या गटात 16.1 टक्के जखमा चिघळल्या, क्लोरहेक्सिडीनच्या गटात 9.5 टक्के. पण ही झुंज बरोबरीची नव्हती. क्लोरहेक्सिडीन स्पिरीटमध्ये होते, आयोडीन पाण्यात. स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासात दोन्ही औषधे स्पिरीटमध्ये घेतली. 2024मध्ये आकडे आले 5.1 आणि 5.5 टक्के, तेही आयोडीनच्या बाजूने किंचित झुकलेले. भारतासह सात देशांत 5,788 रुग्णांवर झालेल्या, 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोटाच्या शस्त्रक्रियांच्या अभ्यासात तर स्पिरीटमधले क्लोरहेक्सिडीनही पाण्यातल्या आयोडीनपेक्षा सरस ठरले नाही. तेव्हा तपकिरी बाटलीला मागास ठरवण्याची घाई नको.

स्पिरीट मराठवाड्याला परके नाही. साखर कारखान्याच्या मळीपासून आसवनीत निघते ते रेक्टिफाइड स्पिरीट, सुमारे 95 टक्क्यांचे. जंतू मारायला मात्र ते 70 टक्क्यांवर आणावे लागते, कारण पाण्यावाचून जंतूंची प्रथिने नीट गोठत नाहीत. जास्त कडक म्हणजे जास्त गुणकारी, हा हिशेब इथे चुकतो.

स्पिरीट असलेले कोणतेही औषध आपोआप वाळू द्यावे लागते. ओल्या त्वचेवर किंवा चादरीखाली साचलेल्या थारोळ्याजवळ कॉटरी, म्हणजे डागण्याचे विजेचे उपकरण, लावली तर ते पेट घेते. आयोडीनलाही वाळायला वेळ हवा. शिवाय रक्त आणि पू यांत त्याची ताकद घटते, म्हणून मातीने भरलेली जखम आधी भरपूर धुवायची. क्लोरहेक्सिडीन डोळ्यांत किंवा कानाच्या आत जाता कामा नये. नवजात बाळावर आयोडीन सढळ हाताने वापरल्यास थायरॉइडचे काम बिघडू शकते.

इंजेक्शनच्या टेबलावर स्पिरीटमध्ये भिजवून ठेवलेल्या बोळ्यांची बरणी अजून दिसते. जागतिक आरोग्य संघटना ती ठेवू नका म्हणते, कारण हातांचे जंतू तिच्यात उतरतात. बोळा ऐनवेळी भिजवावा.