तुझा प्रोग्राम अजून कुणी वाचलेलाच नाही

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. आणि विषय असा की पुण्याचे भाचे वाचून हसतील. मराठी घेऊन बीए झालेला, आयुष्यभर समास आणि संधी शिकवलेला मास्तर कंपायलरवर मत देणार! हसू देत. पण आमच्या मुरुडात (लातूरचं मुरुड, समुद्रकाठचं नव्हे) माझी उगाच एक ख्याती झाली आहे की "सरांना कंप्युटरमधलं समजतं". मला समजतं ते मराठी टायपिंग. त्यात आणि सी भाषेत किती कोसांचं अंतर आहे हे लेकरांच्या आईवडलांना कोण सांगणार? तेव्हा सुट्ट्या लागल्या की दोनचार जण लॅपटॉप घेऊन ओसरीवर हजर होतात. त्यांच्या तक्रारी ऐकून ऐकून माझं एक मत बनलं आहे, ते आधीच सांगून टाकतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना सी शिकवायच्या आधी कंपायलर स्वतःच्या हातानं बसवायला शिकवावं, तो सापडत नाही म्हणून जो निरोप येतो तो वाचायला शिकवावं, आणि या गोष्टीला जर्नलात जागा द्यावी. मार्कांसकट.

आता हे का म्हणतो ते सांगतो.

गल्लीतली एक मुलगी रोज एसटीनं लातूरला बीसीएला जाते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणितात चांगली. दिवाळीत आली ती रडवेली होऊन. "सर, माझ्यानं नाही होणार हे. चार दिवस झाले, साधा हॅलो सुद्धा छापत नाही. मराठी मिडियमवाल्यांचं कामच नाही हे." वडील म्हणत होते, जमत नसेल तर बीएला नाव टाक. (बीएला नाव टाकणं ही शिक्षा कधीपासून झाली, हा वेगळा विषय. असो.)

तिनं कोड ब्लॉक्स नावाचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. हिरवं त्रिकोणी बटण दाबलं की खालच्या पट्टीत एक इंग्रजी ओळ यायची. मी विचारलं, "काय लिहिलंय बाळ?" म्हणाली, "एरर आहे सर." एरर आहे हे मलाही दिसत होतं. ओळीत काय आहे ते तिनं चार दिवसांत एकदाही वाचलं नव्हतं. लाल अक्षरं दिसली की डोळे आपोआप बाजूला वळतात. रागावलेल्या माणसाचे शब्द आपण कुठे ऐकतो, नुसता आवाज ऐकतो, तसं.

मग उताऱ्यासारखं एकेक शब्द फोडत बसलो. 'कान्ट फाइंड', सापडत नाही. काय सापडत नाही? 'कंपायलर एक्झिक्युटेबल', म्हणजे कंपायलर नावाचा चालणारा प्रोग्राम. कुठे सापडत नाही? 'इन युअर कॉन्फिगर्ड सर्च पाथ्स', तुम्ही शोधायला म्हणून जी ठिकाणं नेमून दिलीत तिथे. कुणाचा? 'जीएनयू जीसीसी' या कंपायलरचा. झालं! म्हटलं, "लेकरा, यात तुझ्याबद्दल एक शब्द तरी आहे का? तुझा प्रोग्राम अजून कुणी वाचलेलाच नाही. पेपर तपासणारे मास्तरच शाळेत आलेले नाहीत, आणि तू नापास झाले म्हणून रडतेस."

आणि खरी गंमत पुढेच. त्या निरोपात 'पाथ्स' या शब्दात एस् च्या आधी ॲपॉस्ट्रॉफी घातलेली होती. अनेकवचन करताना ती लागत नाही, हे आठवीच्या इंग्रजीत आहे. तिला दाखवलं. मुलगी पहिल्यांदा हसली. इंग्रजीत चुका करणारी माणसंही कंपायलरचं सॉफ्टवेअर लिहितात, हे तिला माझ्या कोणत्याही उपदेशापेक्षा जास्त उपयोगी पडलं असावं.

कारण साधं होतं. कोड ब्लॉक्स दोन प्रकारे उतरवून घेता येतं, कंपायलरसकट आणि कंपायलरविना. ज्या फाइलीच्या नावात 'मिनजीडब्ल्यू' आहे तिच्यात कंपायलर येतो. हिनं लहान फाइल बघून, डेटा वाचावा म्हणून, दुसरी घेतली होती. घरी वायफाय नाही, दिवसाला मोजून डेटा. तिनं जे केलं ते कोणीही शहाण्या माणसानं केलं असतं.

इथे मूळ घोळ काय आहे? मुलांना वाटतं, ज्या खिडकीत आपण टाइप करतो तोच कंपायलर. प्रत्यक्षात ती खिडकी म्हणजे नुसती पाटी. वाचणारा आणि यंत्राच्या भाषेत उतरवणारा वेगळा, तुकडे जोडणारा लिंकर आणखी वेगळा. हे सगळे एकाच घरात नांदवायची युक्ती बोरलंड कंपनीच्या टर्बो पास्कलनं १९८३ साली लोकप्रिय केली, तेही पन्नास डॉलरच्या आत. सोय फार मोठी झाली, पण घरात कोण कोण राहतं हे बाहेरून दिसेनासं झालं.

त्याच कंपनीचं टर्बो सी++ १९९० सालचं. ते आपल्याकडे कित्येक महाविद्यालयांत अजून मुक्कामाला आहे. ज्या मुलांचे मामा त्यावर शिकले तीच निळी स्क्रीन. मूळ सॉफ्टवेअर १६ बिटांचं, डॉसवर चालणारं. ६४ बिटांच्या विंडोजवर ते थेट चालतच नाही, म्हणून डॉसबॉक्स नावाच्या खोट्या डॉसमध्ये बसवून चालवायचं. ते कोणी शिकवत नाही. सिनियर पेनड्राइव्हवर फोल्डर देतो, हा कॉपी करतो, आणि 'अनेबल टु ओपन इन्क्लूड फाइल' असा निरोप येतो. कारण त्या सॉफ्टवेअरच्या ऑप्शन्समध्ये डिरेक्टरीज म्हणून एक पान असतं, तिथे सिनियरच्या लॅपटॉपवरचा पत्ता लिहिलेला. आपण फोल्डर दुसरीकडे ठेवलं. पत्ता जुना, बिऱ्हाड नवीन. तेवढं एक पान बदललं की झालं; पण त्या पानावर कोणी कधी नेलेलंच नसतं.

बरं, टर्बो चाललं म्हणून सुटका होते असंही नाही. त्यात साधा पूर्णांक दोन बाइटांचा, ३२७६७ च्या पुढे जात नाही. आठाचं फॅक्टोरियल काढायला सांगा. उत्तर ४०३२० यायला हवं, टर्बोत येतं उणे २५२१६. तोच प्रोग्राम जीसीसीवर बरोबर उत्तर देतो. उलट टर्बोत पाठ केलेलं 'आयोस्ट्रीम डॉट एच' आणि 'क्लिअर स्क्रीन' नव्या कंपायलरला ओळखूच येत नाही, कारण सी++ चं प्रमाणीकरण १९९८ साली झालं आणि टर्बो त्याच्या आधीचं. मूल मात्र समजतं, आपल्यालाच येत नाही.

आता नवीन मुलं व्हीएस कोड वापरतात. ते २०१५ पासूनचं, सुरेख आहे म्हणतात, पण तो एडिटर आहे. त्यात सी चा कंपायलर येत नाही, सी साठीचं एक्स्टेन्शन टाकलं तरी येत नाही. वेगळा आणावा लागतो, आणि मग विंडोजच्या 'पाथ' नावाच्या यादीत त्याचं फोल्डर नोंदवावं लागतं. ही यादी मी पोरांना अशी समजावतो: पाहुणा बसस्टँडवर उतरला, हातात पाच गल्ल्यांची नावं. त्या पाचही गल्ल्या फिरला, तुमचं घर सहाव्या गल्लीत. तो परत जाऊन सांगणार, असा माणूसच गावात नाही. माणूस घरीच होता! यादीत गल्ली घातल्यावरसुद्धा आधीपासून उघडी असलेली काळी खिडकी जुनीच यादी धरून बसते. ती बंद करून पुन्हा उघडावी लागते. या एका गोष्टीपायी एका मुलाचा अख्खा रविवार गेलेला मी पाहिला आहे.

एक गोष्ट मात्र मला मराठीचा मास्तर म्हणून टोचली. कंपायलर आणण्यासाठी जे एमएसवायएस२ वापरतात, त्याच्या सूचनेत स्वच्छ लिहिलं आहे की फोल्डरच्या नावात जागा सोडलेली नको, आणि साध्या इंग्रजी अक्षरांखेरीज दुसरं अक्षर नको. म्हणजे 'अभ्यास' असं फोल्डर करून त्यात बसवायची सोय नाही. राग आला, पण मुलांना ते सांगायलाच हवं.

कंपायलरला मराठीत संकलक म्हणतात. मला हा शब्द बरीच वर्षं खटकायचा. काम भाषांतराचं, नाव संकलनाचं? मग वाचलं की ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास युनिव्हॅक यंत्रासाठी जो ए-० केला, तो खरोखर तयार तुकडे वेचून एकत्र जोडत होता. म्हणजे नाव त्या काळी चपखल होतं. शब्दाची कुळी कळली की शब्द परका राहत नाही, पण वर्गात हे सांगायला कुणाला वेळ आहे?

प्राध्यापकांची बाजू मला कळते. दोन तासांचं प्रॅक्टिकल, निम्मी यंत्रं बंद, सबमिशनची घाई. ते स्वतःच सगळं बसवून ठेवतात, मुलांनी फक्त टाइप करायचं. शिवाय कोणी म्हणेल, आता मोबाइलवर ऑनलाइन कंपायलर मिळतात, कशाला हा खटाटोप? हॅलो छापायला ते ठीक आहेत. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी समोर कोरा लॅपटॉप येतो, तेव्हा मोबाइल पुरा पडत नाही. आणि रेंज गेली की मुरुडात तेही बंद.

माझी खरी तक्रार जर्नलबद्दल आहे. मी चारपाच जर्नलं चाळली. प्रत्येक पानावर प्रोग्राम, खाली आउटपुट, सगळं बिनचूक, खाली सही. एरर कुठेच नाही. लातूर पॅटर्नच्या मुलखात वाढलेल्या लेकरांना बिनचूक उत्तराची सवय आम्हीच लावली, त्याचा फायदाही झाला. पण इथे दिवसातले निम्मे तास एररशी बोलण्यातच जातात. पहिलं प्रॅक्टिकल असं का नसावं: कंपायलर काढून टाका, बटण दाबा, जो निरोप येईल तो उतरवून घ्या, त्याचा मराठीत अर्थ लिहा, मग कंपायलर बसवा. आणि चाळीस एरर आल्या तर फक्त पहिली वाचा, बऱ्याचदा उरलेल्या तिचीच पिलावळ असते.

२०२१ साली एआयसीटीईनं मातृभाषेतून अभियांत्रिकीला परवानगी दिली, त्यात मराठीही होती. आनंद झाला. तरी निरोप इंग्रजीतच येणार आहेत, तेव्हा ते मराठीतून समजावणारा माणूस हवाच. आयआयटी मुंबईत कण्णन मौद्गल्य यांनी सुरू केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि सी++ चे छोटे धडे मराठी आवाजात फुकट आहेत, उबंटूवर जीसीसी कसा चालवायचा इथपासून. त्या मुलीला ते लावून दिले.

तर भाच्यांनो, हसून झालं असेल तर एक काम करा. दिवाळीत येताना मिठाईच्या पुड्याबरोबर एका पेनड्राइव्हवर कोड ब्लॉक्सची कंपायलरवाली फाइल घेऊन या. आणि ओसरीवर तासभर बसा. पोरं मी गोळा करतो.