तेलंगणची संसदीय कोंडी आणि विदर्भासमोरील प्रश्न

नांदगाव पेठ : स्वतंत्र विदर्भाची मागणी पुढे आली की तेलंगणचा दाखला हटकून दिला जातो. तेलंगणला मिळाले, मग विदर्भाला का नाही, असा सवाल वऱ्हाडातील सभांमधून अनेकदा विचारला गेला आहे. मात्र ते राज्य संसदेत कोणत्या परिस्थितीत जन्माला आले आणि घाईत घेतलेल्या निर्णयाची किंमत कोणी मोजली, याचा विचार क्वचितच होतो.

तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी ९ डिसेंबर २००९ रोजी राज्यनिर्मितीची प्रक्रिया सुरू करण्याची घोषणा केली. आंध्र व रायलसीमेत विरोध उसळताच केंद्राने पाऊल मागे घेतले. न्या. श्रीकृष्ण समितीने सहा पर्याय सुचविले, तरी निर्णय लांबला. अखेर ३० जुलै २०१३ रोजी काँग्रेस कार्यसमितीने तेलंगणला मान्यता दिली आणि खऱ्या कोंडीला तोंड फुटले.

या कोंडीचे वैशिष्ट्य असे, की विरोधकांइतकेच सत्ताधारी पक्षाचे सीमांध्रातील खासदारही तिला कारणीभूत होते. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांनी स्वतःच्याच सरकारविरुद्ध अविश्वास प्रस्तावाच्या नोटिसा दिल्या. आंध्र प्रदेश विधानसभेने ३० जानेवारी २०१४ रोजी विधेयक फेटाळले. १३ फेब्रुवारीला ते लोकसभेत मांडताना सभागृहात मिरपुडीचा फवारा मारला गेला आणि डझनाहून अधिक सदस्य निलंबित झाले. पाच दिवसांनी प्रचंड गदारोळात, थेट प्रक्षेपण बंद असताना, भाजपच्या पाठिंब्यावर विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले. २ जून २०१४ रोजी नवे राज्य अस्तित्वात आले.

घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार विधानसभेचे मत मागविणे आवश्यक असले, तरी ते संसदेवर बंधनकारक नसते. त्यामुळे हे सारे कायद्यात बसणारे होते. परंतु २००० साली छत्तीसगड, उत्तराखंड व झारखंड ही राज्ये मूळ राज्यांच्या विधानसभांच्या संमतीने झाली होती, हा फरक महत्त्वाचा आहे. सभागृहात जे मुद्दे चर्चेने सुटले नाहीत, ते दोन्ही राज्यांच्या मानगुटीवर बसले. कृष्णेचे पाणी, विजेची थकबाकी, संस्थांची वाटणी यांवरून वाद सुरूच राहिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर नागार्जुनसागर धरणावर दोन्ही राज्यांचे पोलीस समोरासमोर उभे ठाकले. विभाजनाला तोपर्यंत नऊ वर्षे उलटली होती.

विदर्भाची बाजू तेलंगणपेक्षा कमकुवत नाही. १९४७ च्या अकोला करारात पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ असे दोन उपप्रांत कल्पिले होते. १९५३ च्या नागपूर कराराने न्याय्य वाट्याची हमी दिली. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. अनुशेष भरून काढण्यासाठी १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. तथापि राज्याच्या २८८ आमदारांपैकी विदर्भाचे ६२ आणि ४८ खासदारांपैकी १० आहेत. विधानसभेच्या संमतीची वाट या संख्याबळावर खुली होणे अवघड आहे. उरते ती तेलंगणची वाट.

त्या वाटेने जायचे तर आधी हिशेब मांडावा लागेल, आणि तो नांदगाव पेठेतच समोर दिसतो. येथील औद्योगिक वसाहतीतील १,३५० मेगावॉटच्या औष्णिक प्रकल्पाची वीज महावितरण घेते. प्रकल्पाला पाणी लागते ते ऊर्ध्व वर्धा धरणाचे. त्याच पाण्यावर अमरावती शहराची तहान आणि शेतकऱ्यांचे सिंचन अवलंबून आहे. प्रकल्पाला पाणी देण्यास शेतकरी संघटनांनी विरोध केला, तो याच कारणाने.

उद्या राज्य वेगळे झाले, तर वीजखरेदीचे करार कोणाकडे राहणार? विजेचे उत्पन्न, कर्ज आणि राखेचा भार कसा वाटला जाणार? शिवाय धरण, प्रकल्प आणि शेत हे तिन्ही विदर्भातच आहेत. तेव्हा पाणी उद्योगाला की शेतीला, हा वाद सीमारेषा आखून मिटणार नाही; नव्या सरकारलाही त्याचे उत्तर द्यावेच लागेल.

राज्य मागणाऱ्यांनी आणि ते नाकारणाऱ्यांनीही या प्रश्नांची उत्तरे विधेयकाआधी जनतेसमोर ठेवायला हवीत. गोंधळात मंजूर झालेल्या कायद्याने राज्य मिळते. परंतु राहून गेलेली चर्चा पुढे धरणावर आणि न्यायालयात करावी लागते, हे तेलंगणने दाखवून दिले आहे.