शेवटच्या दहा मैलांचे भाडे

परदेशप्रवासाचा खर्च मांडताना आपण विमानाचे तिकीट, व्हिसा, हॉटेल आणि जेवण यांचा हिशेब काटेकोरपणे करतो. विमानतळापासून हॉटेलपर्यंतच्या अंतराचा रकाना मात्र बहुधा रिकामा राहतो. हजारो मैलांचे भाडे महिनाभर आधी पैशापर्यंत ठरलेले असते आणि अखेरच्या दहा मैलांचे भाडे रात्री-अपरात्री, हातात सामान घेऊन, अनोळखी भाषेत ठरवावे लागते.

प्रशासनात हा विषय किरकोळ समजला जातो. माझ्या मते तो तसा नाही. परक्या माणसाला गावातील दर ठाऊक नसतात, ओळखीचे कोणी नसते आणि तक्रार करण्यासाठी तो थांबूही शकत नाही. ज्याला त्या गावात मत नाही, पत्ता नाही आणि जो परवा निघून जाणार आहे, अशा माणसाशी व्यवस्था कशी वागते यावरून ती नियमावर चालते की ओळखीवर, हे कळते.

प्रथम परदेशातील काही उदाहरणे पाहू. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन 1977 सालीच पोहोचली. 1998 मध्ये हीथ्रो एक्स्प्रेस आली. ती पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला नेते, पण सर्वांत महाग आहे. 2022 मध्ये एलिझाबेथ लाइनचा मध्यवर्ती मार्ग खुला झाला आणि वेळ व भाडे या दोन्ही बाबतींत मधला पर्याय मिळाला. पिकॅडिली लाइनने शहराच्या मध्यभागी जाण्यास तासाभराच्या आसपास वेळ लागतो, परंतु भाडे सर्वांत कमी पडते. वेळ वाचवायचा की पैसा, हे प्रवाशाने ठरवायचे. तिन्ही दर त्याच्यासमोर मांडण्याचे काम व्यवस्थेचे.

न्यूयॉर्कमध्ये केनेडी विमानतळ ते मॅनहॅटन या प्रवासासाठी पिवळ्या टॅक्सीचे ठरावीक भाडे 1996 पासून आहे. डिसेंबर 2022 मध्ये ते 70 डॉलर झाले. त्यावर टोल, अधिभार आणि बक्षिशी द्यावी लागते. तरी मूळ आकडा गाडीत बसण्यापूर्वी ठाऊक असतो. ज्याला तेवढे परवडत नाही त्याच्यासाठी 2003 मध्ये एअरट्रेन सुरू झाली. तिच्यातून भुयारी रेल्वेपर्यंत जाऊन पुढे फार थोड्या खर्चात शहर गाठता येते.

प्रशासकाने विशेष लक्ष द्यावे असे उदाहरण पॅरिसचे आहे. तेथे 1 मार्च 2016 पासून विमानतळावरील टॅक्सीची भाडी सरकारने ठरवून दिली. शार्ल द गॉल विमानतळापासून सीन नदीच्या उजव्या किनाऱ्यावरील शहरभागासाठी तेव्हा 50 युरो आणि डाव्या किनाऱ्यासाठी 55 युरो असे दर होते; पुढे ते वाढले. या सुधारणेसाठी रूळ टाकावे लागले नाहीत, पूल बांधावा लागला नाही. एक आदेश काढावा लागला आणि तो अमलात आणावा लागला. स्वस्त प्रवासाची पहिली अट पैसा नसून आधी जाहीर झालेला दर ही आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

आपल्या देशातही अनुभव वेगळा नाही. बंगळूरचे देवनहळ्ळी येथील विमानतळ 2008 साली सुरू झाले, आणि शहरापासून दूर असलेल्या त्या विमानतळासाठी महानगर परिवहन महामंडळाने 'वायुवज्र' बसगाड्या सुरू केल्या. दिल्लीची विमानतळ मेट्रो फेब्रुवारी 2011 मध्ये सुरू झाली, 2012 मध्ये तांत्रिक दोषांमुळे बंद पडली, जानेवारी 2013 मध्ये पुन्हा धावू लागली आणि त्याच वर्षी जुलैपासून दिल्ली मेट्रो महामंडळाने ती स्वतः चालवायला घेतली. पुढे भाडे कमी केल्यावर प्रवासी वाढले. मुंबईत मेट्रो 3 चा पहिला टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा अखेरचा टप्पा ऑक्टोबर 2025 मध्ये खुला झाला. दोन्ही टर्मिनलांजवळ तिची स्थानके आहेत. या मार्गाचे कमाल भाडे 70 रुपये ठेवण्यात आले. विमानतळावर उतरून दक्षिण मुंबईतील हॉटेलात जाणाऱ्या सामान्य माणसाला असा मार्ग मिळण्यास स्वातंत्र्यानंतर पाऊणशेहून अधिक वर्षे लागली.

मोठ्या शहरांचे असे हळूहळू निभते. लहान गावांचे काय, हे पाहण्यासाठी झाशीचे उदाहरण घेतो, कारण तेथे या प्रश्नाचे सर्व धागे एकत्र येतात.

झाशीला नागरी विमानसेवा नाही. ग्वाल्हेरचा विमानतळ सुमारे शंभर किलोमीटर आणि खजुराहोचा सुमारे पावणेदोनशे किलोमीटर दूर आहे. त्यामुळे दिल्लीला उतरून आग्रा, ओरछा, खजुराहो असा प्रवास करणाऱ्या परदेशी पर्यटकासाठी झाशीचे रेल्वेस्थानकच विमानतळाचे काम करते. 2008 पर्यंत खजुराहोला रेल्वे नव्हती, म्हणून तिकडचा प्रवासीही येथेच उतरत असे. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने किंवा मुंबईहून पंजाब मेलने राणीची झाशी पाहायला येणारे मराठी कुटुंबही याच दारातून बाहेर पडते. 'वीरांगना लक्ष्मीबाई' हे नाव धारण करणाऱ्या या स्थानकापासून ओरछाची हॉटेले सोळा-सतरा किलोमीटरवर आहेत, म्हणजे जुन्या हिशेबाने दहा मैल.

या दहा मैलांत राज्य बदलते. झाशी उत्तर प्रदेशात आणि ओरछा मध्य प्रदेशात. पूर्वी ते टिकमगढ जिल्ह्यात होते, 2018 पासून निवाडी जिल्ह्यात आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 67 नुसार भाडेदरांविषयी निर्देश देण्याचा अधिकार प्रत्येक राज्य सरकारला आपापल्या हद्दीत आहे. कलम 88 नुसार एका राज्यात दिलेला परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. त्यावर दुसऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी लागते किंवा दोन राज्यांत परस्पर करार असावा लागतो. अखिल भारतीय पर्यटक परवान्याची मोटार ही सीमा सहज ओलांडते. साध्या रिक्षासाठी कायद्याची वाट त्याहून लांबची आहे. म्हणजे महाग वाहनाचा मार्ग कायद्याने मोकळा ठेवला आहे आणि स्वस्त वाहनाच्या मार्गात दोन कार्यालये उभी केली आहेत. त्यात 2016 पासून ई-रिक्षांना परवान्याच्या अटीतून सूट मिळाली. तिच्यामुळे अनेकांना रोजगार मिळाला हे खरे, पण परवानाच नसल्यामुळे त्याला जोडून येणाऱ्या भाड्याच्या अटीही उरल्या नाहीत.

रिक्षा रोज ये-जा करतातच. प्रश्न एवढाच की, या प्रवासाचा दर कोणत्या राज्याचा? प्रवासी विचारणार कोणाला? वाटेत वाद झाला तर पोलीस ठाणे कोणते? शिवाय ओरछाला जाणाऱ्या सामायिक टेम्पोंचा जुना तळ बसस्थानकाच्या बाजूला. बसस्थानक रेल्वेस्थानकापासून काही किलोमीटर दूर. स्थानिक माणसाला हे ठाऊक असते. परका माणूस जेथे उतरतो तेथे स्वस्त वाहन नसते, आणि जेथे ते मिळते तेथपर्यंत जाण्यासाठी त्याला पुन्हा भाडे ठरवावे लागते.

येथे सर्व दोष रिक्षाचालकावर टाकणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ओरछाला गेलेल्या रिक्षाला परतीचा प्रवासी मिळेलच असे नाही. रिकामे परत येण्याचा खर्च तो जातानाच्या भाड्यात धरतो. गाडी उशिरा आली तर तासन् तास थांबण्याची मजुरीही तो त्याच भाड्यातून काढतो. परतीच्या फेरीचा विचार करून दर ठरविला, तर चालकाचे पोट भरेल आणि प्रवाशाची लूटही होणार नाही. दर न ठरविल्यास तो धिटाईवर ठरतो आणि प्रामाणिक चालकच मागे पडतो.

मोबाइलवरील अॅपमुळे हा प्रश्न आता संपला, असे काही जण म्हणतील. मोठ्या शहरांत त्यांनी पुष्कळ सोय केली हे मान्य करावे लागेल. परंतु नुकत्याच उतरलेल्या परदेशी माणसाकडे चालू सिमकार्ड असतेच असे नाही, लहान गावात पुरेशी वाहने अॅपवर असतातच असे नाही, आणि मागणी वाढली की अॅपचे भाडेही वाढते. अॅप हे साधन आहे. जाहीर दराची जबाबदारी त्यामुळे शासनाच्या अंगावरून उतरत नाही.

मराठी माणसाला ओळखीवर चालणारा प्रवास नवा नाही. 1742 मध्ये नारोशंकर झाशीचे सुभेदार झाले आणि त्यानंतर तेथे मराठी कुटुंबे वसली. 1857 साली वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे उत्तरेत गेले, झाशीच्या वेढ्यात सापडले आणि जिवंत परतले. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये जागोजागी आसरा मिळतो तो आपल्या माणसांमुळे. आज लंडन, न्यू जर्सी किंवा दुबईत राहणारे वाचकही हेच करतात: गावाकडून कोणी आले की मोटार घेऊन विमानतळावर जातात. दुबईची मेट्रो 2009 पासून आहे. पण भारतातून येणारी कित्येक विमाने मध्यरात्रीनंतर उतरतात, तेव्हा ती बंद असते आणि मंडळातला कोणी परिचितच उपयोगी पडतो. हा जिव्हाळा मोलाचा आहे. पण ज्याचे तेथे कोणी नाही, त्याची सोय जिव्हाळ्याने होत नाही; ती नियमानेच करावी लागते.

झाशीसारख्या ठिकाणी करण्यासारख्या गोष्टी चार आहेत.

पहिली, उत्तर प्रदेश व मध्य प्रदेश यांनी कलम 88 खाली झाशी-ओरछा मार्गासाठी करार करून रिक्षा, टॅक्सी आणि ई-रिक्षा यांचा दोन्ही राज्यांत चालणारा एकच दर, परतीच्या फेरीचा खर्च धरून, ठरवावा.

दुसरी, तो दर हिंदी, इंग्रजी आणि आकड्यांत स्थानकाच्या दाराशी, रिक्षातळावर व ओरछाच्या चौकात लावावा. फलकावर आदेशाची तारीख आणि तक्रारीचा दूरध्वनी असावा. तारीख नसलेला फलक दोन वर्षांत निरुपयोगी होतो.

तिसरी, गाड्यांच्या वेळांशी जुळणारी, सामान ठेवण्यास जागा असलेली छोटी बस थेट स्थानकावरून सोडावी. रात्रीच्या गाड्यांसाठी पैसे आधी भरून पावती देणारी खिडकी उघडी असावी.

चौथी, वर्षातून एकदा दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी एकत्र बसून तक्रारींचा आढावा घ्यावा आणि इंधनाच्या किमतीनुसार दर सुधारावा. दर वेळेवर सुधारला नाही, तर तो मोडण्याचे सबळ कारण आपणच चालकाच्या हाती देतो.

यांपैकी कशालाही मोठे अनुदान लागत नाही. दोन राज्यांच्या कार्यालयांनी एका कागदावर सह्या कराव्या लागतात, आणि प्रशासनात सर्वांत अवघड तेच असते. परदेशस्थ वाचकांना एक विनंती आहे. आपल्या शहरात नवख्या माणसासाठी दर कसा ठरतो, तो कोण ठरवतो, कुठे लिहिलेला असतो आणि मोडल्यास कोणती कारवाई होते, हे आपल्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. 'तिकडे सगळे छान आहे' एवढ्याने कोणाचे काम होत नाही. चालू असलेल्या आदेशाची एक प्रत मात्र एखाद्या अधिकाऱ्याला पुरेशी होते.