कमिटीत ‘घेतला’ की निवडला?

तालुक्याच्या गावी एखाद्या पक्षाची कमिटी बनते, नावे जाहीर होतात, हारतुरे होतात, आणि चार दिवसांनी खेड्यातल्या शेतकऱ्याला कळते की आपल्या गावचा अमका कमिटीत ‘घेतला’. ‘घेतला’ हाच शब्द जो तो वापरतो. ‘निवडला’ असे कोणी म्हणत नाही, कारण निवडताना कोणी पाहिलेलेच नसते. ज्याच्या हाती नावे घेण्याची सत्ता तो मर्जीतले घेतो, आणि मर्जी फिरली की तेच नाव पुढच्या साली गळते. आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंना यात काही वावगे वाटत नाही, ही खरी दुःखाची गोष्ट आहे. मत टाकले की आपले काम संपले, पक्षाचा कारभार पक्षवाल्यांचा, असा त्यांचा समज होऊन बसला आहे. पण ज्या उमेदवारांतून एकाला मत द्यावयाचे ते उमेदवार ठरविले कोणी? बाजारात गेलेले गिऱ्हाईक फार तर मांडलेल्या मालातून निवड करील. कोणता माल मांडावयाचा हे दुकानाच्या आत ठरते. ती आतली जागा म्हणजे कमिटी होय. म्हणून कमिटीत बसण्यास पात्र कोण, आणि ती पात्रता तपासणारा कोण, या रुक्ष दिसणाऱ्या प्रश्नावर आज आम्ही लिहीत आहोत.

पक्षाला दार एक नसते, तीन असतात. पहिले सभासद होण्याचे. दुसरे, कमिटीच्या निवडणुकीत मत देण्याचे. तिसरे, कमिटीवर स्वतः उभे राहण्याचे. पहिल्या दारात पुढारी स्वतः उभे राहून ‘या, या’ म्हणत असतात. दुसऱ्याला साखळी असते आणि तिसऱ्याला कुलूप. आमचे लोक पहिल्या दारातून आत गेले की घरात शिरलो असे समजून ओसरीवरच बसून राहतात.

ही रीत जुनी आहे. १८७० साली पुण्यास सार्वजनिक सभा निघाली तेव्हा तिचा नियम वरवर पाहता फार चांगला होता. निदान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र जो आणील तो सभासद. कोणी आपल्या मनाने उठून लोकांचा प्रतिनिधी म्हणवू नये, असा त्यातला हेतू. पण ज्या काळी खेड्याच्या खेड्यात सही करणारे हात बोटांवर मोजण्यासारखे होते, त्या काळी असली मुखत्यारपत्रे कोणाच्या आळीतून भरून येणार? नियमात शेतकऱ्याला मज्जाव कोठेच नव्हता. मज्जाव न लिहिताही माणूस बाहेर राहतो, हे ज्याला समजले त्याला नियम वाचावयाचे कसे हे समजले. नॅशनल काँग्रेस निघाल्यावर जोतीराव फुल्यांनी घेतलेली हरकत याच जातीची होती. शेतकरी आणि शूद्रातिशूद्र ज्या सभेत नाहीत ती सर्वांची सभा कशी, असे त्यांचे विचारणे होते.

१९२० च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने नवी घटना केली आणि वर्षाची वर्गणी चार आणे ठेवली. वय २१ असावे, काँग्रेसचा उद्देश मान्य असल्याचे लिहून द्यावे, चार आणे भरावे, झाला सभासद. या चार आण्यांची थोरवी आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. त्या वेळी कौन्सिलच्या निवडणुकीत मत असणे ही मोठी मिजास होती. ठराविक शेतसारा भरणाऱ्याला किंवा तसलीच काही मिळकत असणाऱ्याला ते मिळे. ज्या कुळाला, ज्या सुताराला, ज्या शेतमजुराला सरकारदरबारी मत नव्हते, त्याला चार आण्यांत पक्षाचा सभासद होता येत होते. आज याच्या अगदी उलट झाले आहे. मत अठरा वर्षांच्या प्रत्येकाला आहे. पक्षाच्या आतला हक्क मात्र पातळ होत होत पावतीपुरता उरला आहे.

चार आण्यांचे दार उघडले म्हणून सगळी दारे उघडली असे झाले नाही. १९२४ साली बेळगावास महात्मा गांधी अध्यक्ष असताना वर्गणीच्या जागी सूत आले. दरमहा २००० वार सूत द्यावे, ते स्वतः कातलेले असावे, आजारपण किंवा अशीच काही अडचण असल्यास दुसऱ्याचे चालेल. हेतू उदात्त होता, यात शंका नाही. बोलघेवड्या वकिलाने हाताने काही करावे असे त्यात होते. पण एखाद्या कोष्ट्याच्या घरी जाऊन पाहावे. नवरा उजाडल्यापासून मागावर, बायको कांड्या भरते, पोरे सूत उकलतात. या घराचा सारा जन्मच सुतात गेला. तरी गिरणीच्या सुतावर विणणारा म्हणून सभासद होण्यापुरते त्याचे सूत ‘सूत’ नव्हे! नियम वर्षभरही तग धरू शकला नाही. १९२५ साली पाटण्याच्या बैठकीत चार आणे किंवा वर्षाला २००० वार स्वतःचे सूत असा मार्ग मोकळा करावा लागला.

१९३४ साली मुंबईस पुन्हा घटना बदलली. कमिटीवर उभे राहावयाचे तर सहा महिने सतत काँग्रेससाठी अंगमेहनत केलेली असावी आणि अंगावर नेहमी खादी असावी, असे ठरले. नांगर धरणाऱ्या, ऐरणीवर घण घालणाऱ्या माणसाला अंगमेहनतीची परीक्षा! त्याच्या मेहनतीवर देश जेवतो, परंतु ती ‘काँग्रेससाठी’ केलेली नसल्यामुळे हिशेबात धरावयाची नाही. मेहनत न करणाऱ्यांना मेहनत शिकवावी म्हणून केलेला नियम मेहनतीशिवाय दुसरे काही न केलेल्याच्या आड येतो, याहून मौज ती काय असावी? तो श्रमाचा नियम पुढे टिकला नाही. खादी मात्र राहिली. त्याच घटनेतली दुसरी एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो, कारण ती सांगणारे फार थोडे आहेत. अधिवेशनाच्या प्रतिनिधींची संख्या २००० वर आणली आणि त्यांत खेड्यांकडे १४८९ व शहरांकडे ५११ असे वाटप लिहून ठेवले. खेड्यातला माणूस आत यावा असे वाटत असेल तर त्याच्या नावाचा आकडा घटनेत लिहावा लागतो. नुसत्या ‘सर्वांचे स्वागत आहे’ने तो येत नाही. पुढे १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात, पूर्व खानदेशातल्या फैजपुरास भरले. केशवराव जेधे यांच्यासारखी ब्राह्मणेतर चळवळीत वाढलेली मंडळी तोवर काँग्रेसमध्ये आली होती, आणि जेधे पुढे महाराष्ट्र प्रांतिक कमिटीचे अध्यक्षही झाले.

आता कोणी म्हणेल, दार सताड उघडे ठेवले तर नको ते लोक शिरतील. ही हरकत खोटी नाही. १९३६ साली काँग्रेसचे सभासद पाच लाखांच्या आत होते. प्रांतोप्रांती मंत्रिमंडळे आल्यावर १९३९ पर्यंत तो आकडा सुमारे पंचेचाळीस लाखांवर गेला. एवढे देशप्रेम दोन-तीन वर्षांत एकदम कसे उगवले? सत्ता आली की सभासदही येतात, पावसाळ्यात गवत येते तसे. खोट्या सभासदांच्या नोंदीविषयी खुद्द गांधींनी त्या वेळी उघड तक्रार केली. एका सधन माणसाने शेकडो जणांचे चार आणे आपल्या खिशातून भरावे, पावत्या आपल्याच पेटीत ठेवाव्या, आणि कमिटीच्या निवडणुकीच्या दिवशी ती पेटी घेऊन यावे, हा धंदा आजही बंद पडलेला नाही. फरक इतकाच की तेव्हा कागद लागत असे. २०१४ पासून टेलिफोनची घंटी वाजवून ठेवून दिली तरी माणूस सभासद होतो. ज्याला पावती माहीत नाही, वही माहीत नाही, तो सभासद कशाचा?

तेव्हा गाळणी पाहिजे, हे आम्हांला मान्य आहे. तंटा आहे तो गाळणी कोणाच्या हाती असावी याचा. दारू पीत नाही, अस्पृश्यता पाळीत नाही, कमाल मर्यादेबाहेर जमीन ठेवीत नाही, अशी प्रतिज्ञा काही पक्षांनी सभासदाकडून घेतली. प्रतिज्ञा उत्तम. पण गरिबाच्या तोंडाचा वास घेणारे पुष्कळ निघतात. पुढाऱ्याच्या सात-बाऱ्यावर किती एकर आणि नातलगांच्या नावे किती, हे विचारणारा परीक्षक आम्हांला अजून भेटावयाचा आहे. ज्या अटीची तपासणी फक्त लहान माणसाचीच होते ती अट नव्हे, तो अडसर आहे.

अटीचा दुसरा उपयोग कसा होतो हे १९४८ सालाने दाखविले. स्वतंत्र घटना व स्वतंत्र कार्यक्रम असलेल्या दुसऱ्या पक्षाच्या माणसाला काँग्रेसमध्ये राहता येणार नाही, असा नियम त्या साली झाला. समाजवादी मंडळी मार्चमध्ये नाशकास बाहेर पडली, आणि शेतकरी कामकरी यांचे नाव घेऊन जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींनी उभारलेला पक्षही वेगळा झाला. एका घरात दोन चुली नकोत, हे म्हणणे समजण्यासारखे आहे. परंतु वर्षानुवर्षे ज्यांनी तुरुंग पाहिले त्यांना बाहेरची वाट एका कलमाने मिळाली, आणि जे कोणत्याच चुलीशी कधी बसले नव्हते ते आत सुखाने राहिले. कलमाची ताकद आमच्या लोकांनी ओळखावी म्हणून हे सांगितले.

आज कायदा काय म्हणतो? लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यातील २९-अ या कलमाखाली पक्षाला नोंदणी करावी लागते. निवडणूक आयोग नव्या पक्षाकडून निदान १०० सभासद मागतो. ते मतदार असावेत, दुसऱ्या नोंदलेल्या पक्षाचे नसावेत, आणि पक्षाच्या घटनेत पाच वर्षांच्या आत अंतर्गत निवडणुका घेण्याची तरतूद असावी. कागदावर झकास आहे. पण नोंदणी झाल्यावर पक्षाने निवडणुका घेतल्याच नाहीत तर? एवढ्यासाठी नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगास नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २००२ सालीच दिला आहे. म्हणजे नियम पक्षाने करावयाचा, मोडावयाचाही पक्षाने.

मोडल्याचे फळ काय ते आपल्याच राज्यात दिसले. शिवसेनेत फूट पडली तेव्हा दोन्ही बाजूंनी आयोगापुढे प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठे ठेवले. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निकाल देताना आयोगाने म्हटले की पक्षाच्या घटनेत पदाधिकारी निवडून न येता नेमले जातात, तेव्हा संघटनेतले बहुमत कोणाकडे हे त्यावरून ठरविता येत नाही. आणि निकाल आमदार-खासदारांच्या संख्येवर दिला. राष्ट्रवादी काँग्रेसच्या बाबतीत ६ फेब्रुवारी २०२४ रोजी पुन्हा विधिमंडळातल्या संख्येचाच आधार घेतला गेला. दोहोंपैकी कोणती बाजू खरी, या वादात आम्ही पडत नाही. आम्ही विचारतो ते इतकेच की गावोगावच्या ज्या सभासदांनी वीस-वीस वर्षे सतरंज्या उचलल्या, भिंती रंगविल्या, त्यांचे वजन काट्यावर किती भरले? कमिट्या नेमणुकीच्या, म्हणून सभासद बिनवजनाचे!

स्त्रियांविषयीही दोन शब्द. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निम्म्या जागा स्त्रियांना देण्याचा कायदा महाराष्ट्रात २०११ साली झाला. जी बाई सरपंच होऊन गावचा कारभार पाहते तीच आपल्या पक्षाच्या तालुका कमिटीत ‘महिला आघाडी’च्या कोपऱ्यात बसते. कायदा पंचायतीला लागू आहे, पक्षाला नाही. काँग्रेसने २०२३ च्या फेब्रुवारीत रायपूरच्या अधिवेशनात कार्यकारिणीतल्या निम्म्या जागा अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, अल्पसंख्य यांच्याकरिता घटनेत लिहिल्या, हे बरे झाले. पण राखीव जागेवरही माणूस ‘घेतलाच’ जाणार असेल तर तो घेणाऱ्याचा होतो, आपल्या लोकांचा राहत नाही.

आमच्या वाचकांपैकी जे ज्या पक्षात असतील त्यांनी त्या पक्षातच राहावे. पक्ष बदला असे आम्ही कोणाला सांगत नाही. मात्र वर्गणी स्वतःच्या गाठीची भरावी, मग ती पाच रुपये का असेना. दुसऱ्याने भरलेल्या वर्गणीची पावती दुसऱ्याचीच असते. पावतीवर नंबर आहे की नाही ते पाहावे व ती घरी सात-बाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवावी. साधा सभासद आणि सक्रिय सभासद असे दोन थर बहुतेक मोठ्या पक्षांत आहेत आणि कमिटीवर उभे राहण्याचा हक्क बहुधा दुसऱ्या थरालाच असतो. आपण कोणत्या थरात आहोत व वर जाण्यास किती वर्षे किंवा किती नवे सभासद लागतात, हे तालुका कमिटीच्या चिटणीसाला विचारावे. ऐन पेरणीत किंवा ऐन सुगीत सभासद-नोंदणीची मुदत संपत असेल तर तीविरुद्ध आधीच तक्रार करावी, कारण त्या दिवसांत आमचा माणूस तालुक्याला जाऊ शकत नाही हे तारीख ठरविणाऱ्याला चांगले ठाऊक असते. आणि मुख्य म्हणजे सभासदांची गाववार यादी निवडणुकीपूर्वी कचेरीच्या भिंतीवर लावा, अशी मागणी दहा-पाच जणांनी सह्या वा अंगठे करून लेखी द्यावी. यादी लागली तर तीत मेलेली नावे किती, एकाच घरची किती, आणि आपले आहे की नाही, हे गावात मोठ्याने वाचून पाहावे. नाही लावली, तर अर्ज पोचल्याची सही घेऊन ठेवावी आणि त्याची एक नक्कल आमच्याकडे पाठवावी. आम्ही ती या पत्रात छापू.