दाह विकत आणणारी माणसे

आमच्या शेजारच्या इंदूमावशींनी यंदा चकलीचा सोऱ्या हाती धरला नाही. एके काळी आमच्या आळीत त्यांच्या चकलीवाचून दिवाळी साजरी होत नसे. आता संधिवाताने बोटे करंगळीकडे झुकली आहेत आणि सकाळी तासभर मूठच वळत नाही. "सूज मेली येते नि जाते, पण हाडे का झिजावीत?" असे त्यांनी परवा विचारले. आम्ही गंभीर चेहरा करून गप्प बसलो.

उत्तर दिले ते त्यांच्या भाचीने. ही मुलगी एका प्रयोगशाळेत पेशींवर काम करते. म्हणाली, "मावशी, तुझ्या सांध्यात जो पदार्थ उतू चाललाय ना, तोच आम्ही पैसे मोजून विकत आणतो."

"मग माझ्याकडून न्यायचा! स्वस्तात दिला असता."

पण तसे चालत नाही बरे का. सांध्यातल्या पाण्यात शेकडो पदार्थ मिसळलेले; त्यांतल्या कोणी हाड पोखरले, हे कसे ठरवायचे? म्हणून एकच पदार्थ निर्मळ रूपात हवा. त्याचे नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर आल्फा. जात सायटोकाइनची, म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेल्या चिठ्ठ्यांची. या चिठ्ठीतला मजकूर एकच: 'आग लागली, धावा!' जंतू आले असता ती हवीच. पण जंतू नसताना रोज येऊ लागली की सांधा जळतो.

1975 साली न्यूयॉर्कच्या लॉइड ओल्ड यांच्या गटाने उंदरांमधल्या गाठी मारणारा पदार्थ म्हणून त्याचे बारसे केले. नावात गाठ आली ती तेव्हापासून. पुढे 1984 साली माणसातले त्याचे जनुक हाती आले. ते एका साध्या आतड्यातल्या जंतूत घालायचे, जंतू वाढवायचा आणि त्याने बनवलेले प्रथिन गाळून शुद्ध करायचे. यात एक गंमत आहे. त्या जंतूच्या कवचातले विषही पेशींना हाच पदार्थ बनवायला लावते. ते किंचित जरी मागे राहिले, तरी प्रयोग खोटा ठरतो. शेवटी कुपीत येते ती काही मायक्रोग्रॅमची पूड, डोळ्यांना दिसेल न दिसेल अशी. वर लेबल: केवळ संशोधनासाठी, माणसांसाठी नव्हे.

हा पदार्थ अडवणारी औषधे 1998 पासून संधिवातावर वापरली जातात. अनेकांना त्यांनी पुन्हा उभे केले. पण ती सर्वांना लागू पडत नाहीत, आणि अंगात दबून राहिलेला क्षय त्यांनी डोके वर काढू शकतो. आपल्या देशात ही गोष्ट लहान नाही.

म्हणून गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात, जे काम झाले त्याचे मोल वाटते. हाड खाणाऱ्या पेशी रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या कुळातूनच तयार होतात. डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने 2003 साली दाखवले की उंदरांच्या अशा कोवळ्या पेशींना इंटरल्यूकिन-3 दिले, तर त्या वाट बदलतात. हाड खाणाऱ्या न होता जंतू गिळणाऱ्या होतात, आणि मागे फिरत नाहीत. हेही सायटोकाइनच! एकाच घराण्यातला एक भाऊ आग लावणारा, दुसरा पाणी मारणारा. 2005 साली त्याच गटाने हाड खाणाऱ्या पेशी बनवायला आमच्या या आगलाव्या कुपीतला पदार्थच वापरला, आणि इंटरल्यूकिन-3 ने तेही थोपवले. 2009 साली उंदरांमधला सांधेदाह त्याने रोखला, आणि 2010 साली माणसाच्या पेशींवरही हाच गुण सिद्ध झाला, अर्थात बशीमध्ये. तेव्हा हा मजकूर वाचून कोणी औषधाच्या दुकानात तिसऱ्या इंटरल्यूकिनची बाटली मागू नये. बशीपासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता मुंबई-पुणे घाटाहून लांब आणि वळणाचा आहे.

पाडव्याच्या दिवशी भाची सकाळीच निघाली. पेशींना ताजे खाद्य घालायचे होते. त्यांना सुटी ठाऊक नाही. मावशींनी तिच्या हाती विकतच्या चकल्यांचा पुडा ठेवला आणि विचारले, "उंदरांची बोटे वाचली म्हणतेस?"

"पंजे, मावशी."

"तेच ते. बरे झाले बाई त्यांचे."