ब्रेक ऑईल बदलायला लॅपटॉप लागत नाही

‘एबीएसवाल्या गाडीच्या ब्रेकला घरी हात लावू नका, त्याला कॉम्प्युटर लागतो.’ मुंबईच्या गोवंडीत हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता ते कानावर पडलं की डोकं फिरतं. सांगणारा बहुतेक वेळा सर्व्हिस सेंटरच्या काउंटरमागे बसलेला असतो. ऐकणारा असतो बैंगनवाडीतला नाहीतर शिवाजीनगरातला, पार्सल पोचवणारा पोरगा, ज्याची गाडी सकाळपासून रात्रीपर्यंत रस्त्यावर असते. तो घाबरतो. सर्व्हिस सेंटरला द्यायला पैसे नसतात आणि घरी पाना लावायची हिंमत राहत नाही. मग गाडीत वर्षानुवर्षं तेच काळं पडलेलं ब्रेक ऑईल फिरत राहतं.

हे वाक्य अर्धसत्य आहे, आणि त्यातल्या खोट्या अर्ध्यामुळे माणसं खराब ब्रेकवर फिरताहेत.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं झालं. निर्णय योग्यच होता. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवरचा उड्डाणपूल ऑगस्ट २०२१ मध्ये खुला झाला आणि त्याच पावसाळ्यात त्यावरून दुचाक्या घसरल्याच्या बातम्या आल्या. अशा रस्त्यावर चाक लॉक न होऊ देणारं यंत्र हवंच. पण एबीएस काय करतं हे गिऱ्हाइकाला कुणी समजावून सांगितलं नाही. एबीएस ब्रेकचा दाब निर्माण करत नाही. चाक लॉक व्हायला लागलं की ते दाब क्षणभर सोडतं, पुन्हा येऊ देतं, पुन्हा सोडतं. दाब येतो तो तुमच्या बोटांतून आणि ऑईलमधून. ऑईलच उकळलं, नळीत वाफ झाली आणि लिव्हर थेट हँडलला टेकली, तर एबीएस तुम्हाला वाचवू शकत नाही.

आणि ऑईल उकळतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलेलं असताना किमान १५५ अंश चालतो, म्हणजे ७५ अंशांची घसरण मानकातच गृहीत धरलेली आहे. आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा आणि उरलेले आठ महिनेही खाडीची दमट हवा. दोन वर्षांनी ऑईल बदला असं बहुतेक कंपन्या सांगतात. मुंबईत त्याहून एक दिवसही जास्त थांबू नये. हाच ओलावा एबीएसच्या मॉड्युलेटरला, म्हणजे दाब सोडणाऱ्या-धरणाऱ्या भागाला, आतून गंज लावतो, आणि तो बदलायचा म्हटला की हप्त्यावर गाडी घेतलेल्याचं कंबरडं मोडतं.

आमच्या गल्लीतल्या एका पोराची गाडी मी पाहिली. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून आदल्याच दिवशी आणलेली, बिलावर ‘ब्रेक सर्व्हिसिंग’ छापलेलं. ‘काका, लॅपटॉप लावून केलंय,’ तो म्हणाला. मास्टर सिलिंडरच्या झाकणाचे दोन्ही स्क्रू गंजून बसलेले होते आणि त्यांवर पेचकस लागल्याची एकही ताजी खूण नव्हती. पेचकसाला मागून ठोकून ते सैल केले. आतलं ऑईल कडक चहाच्या रंगाचं, तळाशी काळा गाळ. कॅलिपरच्या, ऑईल काढायच्या निपलवरची रबरी टोपीही चिखलासकट जागच्या जागी. पॅड पुसले होते, बस. हा निष्काळजीपणा नाही, ही फसवणूक आहे.

आता खरं काय ते. एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये आत येणाऱ्या वाटेचा व्हॉल्व्ह एरवी उघडाच असतो. म्हणजे गाडी बंद असताना लिव्हर दाबली की ऑईल साध्या ब्रेकसारखंच मॉड्युलेटरमधून कॅलिपरकडे जातं. जुनं ऑईल काढून नवं भरायला लॅपटॉप लागत नाही. पारदर्शक नळी, बाटली, निपलच्या मापाचा पाना आणि डॉट ४ ची सीलबंद बाटली एवढ्यात काम होतं. लिव्हर दाबून धरा, निपल सोडा, पुन्हा आवळा, मगच लिव्हर सोडा. हा क्रम चुकला की हवा आत. सगळ्यात मोठा नियम एकच: मास्टर सिलिंडरची ऑईलची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. पातळी खालच्या रेषेकडे यायच्या आधी भर घाला. नळीत बुडबुडे यायचे थांबले, ऑईल स्वच्छ दिसायला लागलं आणि लिव्हर दगडासारखी कडक लागली की झालं. पेट्रोलच्या टाकीवर सांडलेलं ऑईल रंग खातं, लगेच पाण्याने धुवा. उरलेली उघडी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. लिव्हर जराही मऊ लागली तर गाडी रस्त्यावर काढायची नाही, इथे हलगर्जीपणाला माफी नाही.

कॉम्प्युटरची गरज खरोखर पडते ती ऑईलची टाकी कोरडी होऊन हवा मॉड्युलेटरमध्ये शिरली किंवा मॉड्युलेटरच बदलला तर. एरवी बंद असणाऱ्या दुसऱ्या व्हॉल्व्हच्या पलीकडे अडकलेली हवा निघायला पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात, आणि तो हुकूम स्कॅनरच देतो. ही अडचण खरी आहे, ती नाकारून मी कुणाला खड्ड्यात घालणार नाही. पण ती अपवादाची आहे. अपवादाची भीती घालून रोजचं काम बंद पाडायचं, हे मला मान्य नाही.

या भीतीचं दुसरं टोक रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये दिसतं. मेकॅनिकच्या हातून हवा शिरते, स्कॅनर त्याच्याकडे नसतो, मग तो एबीएसचा फ्यूज काढतो, नाहीतर मॉड्युलेटर वगळून सरळ नळी जोडतो आणि गाडी चालू करून देतो. मीटरवर पिवळा दिवा कायमचा लागलेला असतो. असं करणाऱ्याला मी मेकॅनिक म्हणत नाही. पण त्याच्या हाती स्कॅनरचा हुकूम पोचू न देणारेही तितकेच जबाबदार आहेत.

एप्रिल २०२३ पासून दुचाक्यांत ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचा बिघाड ओळखायची यंत्रणा, आली, ती धुराच्या नियमांसाठी. इंजिनातला बिघाड कुणाच्याही साध्या स्कॅनरवर दिसावा याची सोय कायद्याने झाली. एबीएसची हवा काढायचा हुकूम मात्र प्रत्येक कंपनीच्या खासगी सॉफ्टवेअरमध्ये बंद राहिला. धुरासाठी जे जमतं ते ब्रेकसाठी का जमू नये? डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे. पोर्टलवर कंपनीचं नाव आणि हेल्पलाइन दिसून बैंगनवाडीतल्या गॅरेजवाल्याचा प्रश्न सुटत नाही. त्याला तो हुकूम परवडणाऱ्या भावात मिळाला पाहिजे, आणि ऑईल बदलायची पायरीवार कृती गाडीच्या मॅन्युअलमध्ये, मराठीत आणि हिंदीत, छापून आली पाहिजे. ‘अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा’ ही ओळ छापून कंपनीची जबाबदारी संपत नाही, आणि सरकारने ती संपली असं मानणं ताबडतोब बंद करावं.