जुनी बोट घेताय? आधी हातोडी, मग इंजिन

कोकणात पर्यटकांना गळाच्या मासेमारीला न्यायला जुनी फायबर बोट घेताय? मग इंजिनाचं कोटेशन नंतर मागा. आधी इंजिन टांगतात ती मागची फळी हातोडीने हलकेच ठोका. आवाज बद्द आला, तर आतलं प्लायवूड कुजलेलं असू शकतं. नवं फोर-स्ट्रोक इंजिन तेवढ्याच ताकदीच्या जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा बहुधा जड असतं; कुजकी फळी ते पेलणार नाही.

माझ्या मते क्रम एकच: सांगाडा, वायरिंग, इंजिन, शेवटी रंग. कूज किती, हे उघडल्यावरच कळतं. म्हणून पैसे राखून ठेवा. पावसाळ्यात बोट वर ओढलेलीच असते, पण ओलाव्यात फायबर नीट धरत नाही. शेडची सोय आधीच बघा. रंगाने फोटो छान येतो. गिऱ्हाईक सुखरूप परत येतं ते फळीमुळे.